आडनाव एकाचं, वंश दोघांचा

 

आज आम्ही तुम्हाला एका आडनावाची गोष्ट सांगणार आहोत. हे आडनाव आपल्याकडचं नाही, फ्रान्स देशातलं आहे. ते फ्रान्समधून समुद्रापलीकडे कॅनडात गेलं, तिथे वाढलं आणि तिथून पुढे अमेरिकेत पोचलं. आडनाव आहे ‘त्रांब्ले’.

आता तुम्ही म्हणाल, फ्रान्सच्या आडनावाचं आपल्याला काय? आपल्याला इथं हप्ता भरायचाय, बैठक घ्यायचीय. पण बघा, गटाचं काम करताना आपली गाडी किती वेळा नावापाशी अडते. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. वडिलांच्या जमिनीत वारस म्हणून नाव लावायला गेलं, की “ही लेक ती तुम्हीच कशावरून?” असा प्रश्न. आडनाव बाईच्या आयुष्यात असं मधेच बदलतं आणि कागदावर तिचा माग पुसला जातो. त्रांब्ले आडनावाच्या गोष्टीत उलटं झालं. तिथे बाईचा माग राहिला. तो कशामुळे राहिला, हे आपल्याला कळावं म्हणून ही गोष्ट.

आधी आडनाव म्हणजे काय ते बघू. आठ-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये साध्या माणसाला आडनाव नव्हतं. नाव एकच, बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं. बाप्तिस्मा म्हणजे चर्चमधलं बारसं म्हणा ना. पण नावं मोजकीच होती. एका गावात दहा जण ‘ज्याँ’, दहा जणी ‘ज्यान’. मग ओळखायचं कसं? आपण करतो तेच त्यांनी केलं. कुणाला धंद्यावरून हाक मारली, कुणाला रंगरूपावरून, कुणाला राहत्या जागेवरून. लोहारकाम करणारा तो ‘लफेव्र’. दळण दळणारा तो ‘म्युनिए’. लाल केसांचा तो ‘लरू’, उंच तो ‘लग्रां’. पुलाजवळ राहणारा तो ‘द्युपों’, रानाकडचा तो ‘द्युब्वा’.

त्रांब्ले हे जागेवरून पडलेलं आडनाव आहे. फ्रान्समध्ये ‘त्रांब्ल’ नावाचं एक झाड आहे. त्याच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून जरा वारा आला की सगळं झाड थरथरतं. त्रांब्ल या शब्दाचा अर्थच थरथरणारं. आपल्या पिंपळाची पानं कशी वारा नसल्यासारखा वाटला तरी हलत असतात, तसंच. अशा झाडांची राई जिथे होती, त्या जागेला त्रांब्ले म्हणू लागले, आणि तिथल्या माणसांनाही. आपल्याकडे पिंपळगावचे ते पिंपळगावकर, तसला प्रकार.

ही नावं सुरुवातीला तोंडी होती. बापाला लोहार म्हणत, पोरगा सुतार झाला तर त्याचं नाव वेगळं. नाव पक्कं झालं ते कागदावर चढल्यावर. १५३९ साली फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याने हुकूम काढला, की प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवायची. पुढे १५७९ च्या हुकुमाने लग्नं आणि मरणंही लिहायची असं ठरलं. एकदा वहीत नाव लिहिलं गेलं की ते बापाकडून लेकाकडे आपोआप जाऊ लागलं. म्हणजे आडनाव पक्कं केलं ते नोंदवहीने. ही नोंदवही लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता आपल्या माणसाकडे येऊ. फ्रान्सच्या वायव्य भागात पेर्श नावाचा मुलूख आहे. रान, टेकड्या, लोखंड वितळवायच्या भट्ट्या, लहान लहान शेतं. त्या मुलखात रांदोने नावाचं गाव आहे. तिथे १६२६ साली एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. त्याचं नाव प्येर त्रांब्ले.

त्याच काळात फ्रान्सने उत्तर अमेरिकेत, सेंट लॉरेन्स नावाच्या मोठ्या नदीकाठी वसाहत सुरू केली होती. त्याला ते ‘नवा फ्रान्स’ म्हणत. मुख्य ठाणं क्वेबेक. पेर्शमधलाच रोबेर जिफार नावाचा एक वैद्य होता. १६३४ साली त्याला क्वेबेकजवळ मोठी जमीन मिळाली, पण ती कसायला माणसं नव्हती. म्हणून त्याने आणि त्याच्या ओळखीच्या ज्युशरो नावाच्या भावांनी आपल्याच मुलखातून माणसं गोळा करायला सुरुवात केली. नोटरीसमोर करार व्हायचा. ठरलेली वर्षं काम करायचं, त्याबदल्यात प्रवास, जेवणखाण आणि मजुरी मिळायची. आपल्याकडे मुकादम उचल देऊन ऊसतोडीला टोळी नेतो, साधारण त्या जातीचा करार. फक्त इथे मधे समुद्र होता, आणि तो ओलांडायला दोन-तीन महिने लागायचे.

१६४७ साली प्येरने पेर्शमधल्या तूरूव्र गावी असा तीन वर्षांचा करार केला आणि तो क्वेबेकला गेला. वय एकवीस. कराराची वर्षं संपली की पुष्कळ मजूर परत फ्रान्सला जात. प्येर राहिला. पण तो राहिला एकटाच. १६४७ पासून १६५७ पर्यंत, तब्बल दहा वर्षं.

इथे थोडं थांबून विचार करा. त्या दहा वर्षांत तिथे त्रांब्ले आडनावाची पुढची पिढी नव्हती. रान तोडताना झाड अंगावर पडलं असतं, नदीत होडी उलटली असती, थंडीच्या तापात माणूस गेला असता, तर तिथलं हे घराणं सुरूच झालं नसतं. वहीत मरणाची एक ओळ पडली असती आणि पान उलटलं असतं. वसाहतीत पुरुष भरपूर आणि बायका फार थोड्या. जमीन तोडता येत होती, धान्य पिकवता येत होतं, पण संसार उभा राहत नव्हता.

१६५७ सालच्या उन्हाळ्यात फ्रान्सहून एक तरुणी क्वेबेकला पोचली. तिचं नाव ओझान आशों. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल नावाचं बंदर आहे. त्या बाजूच्या शांबों गावची ती. वय चोविशीच्या आसपास. तिच्या वडिलांचं नाव ज्याँ आशों, आईचं नाव एलेन रेन्यो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला क्वेबेकच्या चर्चमध्ये ओझान आणि प्येर यांचं लग्न लागलं.

ओझानसारख्या ज्या मुली लग्नासाठी त्या वसाहतीत गेल्या, त्यांना तिथला इतिहास ‘लग्नाच्या मुली’ म्हणतो. १६३४ ते १६६२ या काळात अशा सुमारे २६० जणी गेल्या. त्यानंतर १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजाने स्वतः खर्च करून मुली पाठवल्या. त्यांना ‘राजाच्या लेकी’ म्हणतात. त्या साधारण पावणेआठशे होत्या. पण ओझान त्याआधीची. राजाचा हुंडा नाही, मोठा गाजावाजा नाही. आईबापाचा गाव सोडून, परत जायची फारशी आशा नसताना, दोन महिने जहाजातून अनोळखी थंड मुलखात जाणं, हे किती जड असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सासरी जाणं आपल्याला माहीत आहे. पण दिवाळीला किंवा बाळंतपणाला माहेरी येता येणार नाही असं सासर, याची कल्पना करून बघा.

या जोडप्याला बारा मुलं झाली. त्यांनी क्वेबेकच्या खालच्या अंगाला नदीकाठी, लांज-गार्दियां या वस्तीत शेती केली. १६६६ साली त्या वसाहतीची पहिली शिरगणती झाली. अख्ख्या नव्या फ्रान्सात तेव्हा युरोपातून आलेली आणि त्यांच्या पोटी जन्मलेली माणसं किती, तर ३,२१५. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. तिथे एका घरात बारा मुलं म्हणजे काय हे ध्यानात घ्या.

ओझान १७०७ च्या डिसेंबरमध्ये वारली. प्येर तिच्या कितीतरी वर्षं आधी गेला होता. शेवटची वर्षं तिने विधवा म्हणून काढली.

त्यांच्या मुलांपैकी चार लेकांकडून हे आडनाव पुढे चाललं. प्येर, मिशेल, जाक आणि लुई ही त्यांची नावं. थोरला प्येर पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नदीच्या आणखी खालच्या अंगाला लेझ-एबुलमां या गावाचा जमीनदार झाला. मजुरीच्या करारावर आलेल्या माणसाचा लेक जमीनदार झाला, तोही एका पिढीत. जमीन पुष्कळ होती म्हणून हे झालं. पण ती जमीन रिकामी नव्हती, हेही सांगायला हवं. तिथे इन्नू आणि इतर मूळ लोक शिकार करून, मासेमारी करून शतकानुशतकं राहत होते. वसाहत वाढत गेली तसे ते मागे ढकलले गेले. त्या आडनावाच्या वाढीत त्यांचं गमावणंही आहे.

१७६३ साली तो मुलूख तहाने इंग्रजांकडे गेला आणि फ्रान्सहून नवी माणसं येणं जवळजवळ थांबलं. तरी फ्रेंच बोलणारी वस्ती वाढतच गेली, कारण घराघरात मुलं खूप. मग जमीन कमी पडू लागली. १८३८ साली एकवीस जणांनी मिळून एक मंडळी काढली आणि नदीच्या उत्तरेकडे सागने नावाच्या भागात लाकूडकामासाठी वस्ती केली. त्यांच्यामागून पुष्कळ घरं गेली, आणि त्यांत त्रांब्ले खूप होते. आजही त्या भागात हे आडनाव पावलोपावली भेटतं.

जमीन पुरेना तेव्हा दुसरी वाट होती अमेरिकेची. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन माणसं अमेरिकेत गेली. त्यातली पुष्कळशी कापडगिरण्यांत. लॉवेल, मँचेस्टर, फॉल रिव्हर ही तिथली गिरणगावं. आपल्या कोकणातली, घाटावरची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, तसंच. फरक एवढाच की तिथे बायका आणि पोरंही मोठ्या संख्येने गिरणीत उभी राहिली. तिथे कारकून इंग्रजी बोलणारे. त्यांच्या कानाला फ्रेंच नाव नीट कळेना. जसं ऐकलं तसं लिहिलं. त्रांब्लेचं झालं ‘ट्रॉम्बली’, कुठे ‘ट्रेम्ब्ली’. ब्वाव्हेर म्हणजे हिरवं रान, त्याचं सरळ इंग्रजी करून ‘ग्रीनवुड’. लब्लां म्हणजे गोरा, त्याचं ‘व्हाइट’. एकाच आजोबाची नातवंडं वेगवेगळ्या आडनावांनी जगू लागली. आपल्याकडे ऑपरेटरने एक अक्षर चुकीचं टाकलं की सहा महिने खेटे घालावे लागतात. तिथे अशाच अक्षरांनी घराणी वेगळी दिसू लागली.

आज कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्रांब्ले हे सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव आहे. दर शंभर माणसांत साधारण एक. आणि उत्तर अमेरिकेतले जवळपास सगळे त्रांब्ले त्या एकाच जोडप्यापर्यंत पोचतात, प्येर आणि ओझान. ज्या पेर्शमधून तो माणूस निघाला, तिथल्या तूरूव्र गावी आता फ्रान्समधून कॅनडाला गेलेल्या लोकांचं संग्रहालय आहे. कॅनडातली माणसं आपलं मूळ गाव शोधत तिथे येतात.

आता खरी गोष्ट. हे सगळं एवढं नेमकं कसं कळलं? ओझानच्या आईचं नावसुद्धा आपल्याला साडेतीनशे वर्षांनी कसं माहीत? ती काही राणी नव्हती. मोठ्या घरची नव्हती.

त्याचं कारण तीच नोंदवही. क्वेबेकच्या चर्चमध्ये लग्न लिहिताना नवऱ्याचं नाव, त्याच्या आईबापाचं नाव, नवरीचं नाव, आणि तिच्याही आईबापाचं नाव, गावासकट लिहीत. आणि आईचं नाव लिहायचं ते तिच्या माहेरच्या आडनावाने. लग्न झालं तरी बाई कागदावर माहेरच्या नावानेच राहायची. मूल जन्मलं, तर “प्येर त्रांब्ले आणि ओझान आशों यांचं मूल”. बाई वारली तरी नोंद तिच्या स्वतःच्या नावाने. जमिनीच्या करारातही तेच. शिवाय नोंदवहीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत पुढे पडली. एक चर्चमध्ये, एक सरकारकडे. दोन प्रती का लागतात, हे त्या गावाला चांगलं ठाऊक होतं. १६४० साली क्वेबेकचं चर्च जळालं आणि आधीच्या सगळ्या नोंदी त्यात गेल्या. लोकांना विचारून, आठवून, त्या पुन्हा लिहाव्या लागल्या.

१९६६ साली माँट्रियल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या जुन्या नोंदवह्या एकत्र जोडायचं काम सुरू केलं. बाप्तिस्मा, लग्न, मरण, एकेक नोंद जुळवत त्यांनी अख्ख्या वसाहतीतली घराणी उभी केली. बायका स्वतःच्या नावाने लिहिलेल्या होत्या, म्हणूनच आईकडचा धागाही सापडत गेला. नुसतं “अमक्याची बायको” लिहिलं असतं, तर अर्धा इतिहास तिथेच तुटला असता.

आम्ही एक साधा हिशेब सांगतो, बैठकीत करून बघा. आपल्याला आईबाप दोन. त्यांचे आईबाप मिळून चार. मग आठ, मग सोळा. असं दहा पिढ्या मागे गेलं की त्या पिढीत १,०२४ माणसांच्या जागा होतात. आडनाव त्यातल्या फक्त एकाकडून येतं. बापाचा बाप, त्याचा बाप, अशी एकच रेघ. बाकी १,०२३ जागांबद्दल आडनाव एक शब्द बोलत नाही. त्या १,०२४ मध्ये निम्म्या बायका आहेत. प्येर आणि ओझानच्या लेकींचंही तेच झालं. त्यांची लेकरं दुसऱ्या आडनावांनी वाढली. आज कुणी बाई दुसऱ्याच आडनावाची असेल आणि तरी ओझानची खापरपणती असेल, अशा कितीतरी असणार.

आणखी एक ऐकण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये १७९४ सालापासून कायदा आहे, की माणसाचं कायद्याचं नाव म्हणजे जन्माच्या दाखल्यावरचं नाव. लग्न झालं तरी बाईचं ते नाव बदलत नाही. नवऱ्याचं आडनाव लावणं ही नुसती वापराची पद्धत. २००५ पासून तिथे मुलाला आईचं, वडिलांचं किंवा दोघांचं आडनाव देता येतं. २०२२ च्या कायद्याने मोठ्या माणसालाही नगरपालिकेत साधा अर्ज करून आईचं आडनाव घेता येऊ लागलं. क्वेबेकमध्ये १९८१ पासून लग्नानंतर नवरा-बायको दोघंही आपापलं नाव कायम ठेवतात. म्हणजे ओझानच्या वेळी चर्चच्या वहीत जे चाललं होतं, ते तिथे कायद्यात आलं.

आणि आपल्याकडे? मैत्रिणींनो, आपल्या महाराष्ट्रातही पाऊल पडलं आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. नऊ महिने पोटात वाढवणारीचं नाव कागदावर यायला एवढा काळ गेला, पण आलं. तुमच्या घरात त्यानंतर बाळ जन्मलं असेल, तर जन्माचा दाखला काढून बघा, आईचं नाव नीट आहे का, अक्षर बरोबर आहे का. चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. शाळेत नाव घातल्यावर तीच दुरुस्ती चौपट त्रासाची होते.

आणि वडिलांच्या मालमत्तेबद्दल. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. पण हक्क मागायला गेल्यावर, लग्नाआधीची ती आणि आत्ताची ती एकच, हे कागदाने दाखवावं लागतं. म्हणून शाळेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, जुनं रेशनकार्ड, जे असेल ते जपून ठेवा. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर करून घ्या, कारण माहेरचं आणि सासरचं नाव एकाच कागदावर आणणारा तो मोठा पुरावा आहे. आणि क्वेबेकच्या जळालेल्या चर्चची आठवण ठेवून प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा.

शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत, बचत गोळा झाली आणि कर्जाचा हिशेब झाला की, इतिवृत्ताच्या वहीची मागची दोन पानं उघडा. प्रत्येकीने तिथे लिहायचं: आपलं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव, आईचं नाव, आईचं माहेरचं आडनाव आणि तिचं गाव. आज्जीचं आठवलं तर तेही. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारच्या बाईने लिहायचं, पण ती सांगेल तसं. कुणाला आईचं माहेरचं आडनाव आठवणार नाही. तर फोन लावा, मामाला विचारा, जुन्या मावशीला विचारा. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

पुढच्या कार्यक्रमात, जन्माच्या दाखल्यात नाव दुरुस्त करायचं असेल तर ग्रामपंचायतीत काय काय लागतं, ते आम्ही सांगू. तोवर तुमच्या वहीची दोन पानं भरलेली असू द्या. नमस्कार.